महालाची वाळू

२ नोव्हेंबर

मला काही बरंवाईट झालं आणि ही वही कुणाच्या हाती पडली, तर त्याने सगळ्यात आधी विस्कोला धरावं.

विस्को म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फ्रानेचा, चुलत भाऊ. उभा जन्म बोटींवर स्वयंपाक करण्यात गेला. फ्रानेच्या मातीलासुद्धा आला नव्हता, कुठल्याशा बंदरातून तार केली होती. आणि या सप्टेंबरात एक ट्रंक घेऊन दारात हजर. म्हणतो, "वहिनी, आता कायमचा आलो." घराचा वरचा मजला त्याच्या बापाचा, म्हणजे त्याचाच. मी नाही म्हणू शकत नाही. पण ज्याला इतकी वर्षं या घराची आठवण आली नाही त्याला साठीनंतर ती येते, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

आमचं घर महालाला पाठ टेकून उभं आहे. माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत मुळात महालाचीच, कुण्या रोमन धनाढ्याने घातलेली. तिच्यात एक अरुंद झरोका आहे, त्यात मी मिठाची बरणी ठेवते. बरणी सरकवली की महालाचं जेवणाचं दालन दिसतं. छप्पर नाही, भिंती कमरेएवढ्या उरल्यात आणि त्यापलीकडे समुद्र. पण दालनाची रंगीत खड्यांची फरशी जशीच्या तशी आहे. डॉल्फिनवर बसलेला मुलगा, त्याच्याभोवती मासे, कडेने वेलबुट्टी. आधी फ्राने तिची राखण करायचा, तो गेल्यावर संग्रहालयाने फाटकाची चावी मला दिली. ती माझ्या गळ्यात क्रुसाशेजारी असते, अंघोळीलासुद्धा काढत नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी या गावाला 'डोंगरापलीकडची येला' आहे. इथल्या लोकांच्या लेखी डोंगरापलीकडे माणसं नसतात, मेंढ्या असतात. चावी मिळाल्यापासून मात्र सगळे नीट नमस्कार करतात. फरशीला माझ्या राखणीत काही झालं, तर चावी जाईल आणि मी परत मेंढ्यांत. म्हणून लिहून ठेवते आहे.

५ नोव्हेंबर

आज फरशीवर वाळू घातली. दरवर्षी सर्व संतांचा सण झाला की घालायची आणि ईस्टर झाला की काढायची, नाहीतर थंडीत खडे उखडतात. वाळू खाणीतलीच लागते. समुद्राची घातली तर मीठ खड्यांखालचा चुना खातं.

विस्को न बोलावता फावडं घेऊन आला. मी म्हटलं, "भावजी, तुमची कंबर धरेल." म्हणाला, "धरली तर तुम्ही शेकाल की." दिवसभर राबला, बोलला थोडं, घामाने भिजला. कोण कुणासाठी फुकट इतकं राबतं?

शेवटच्या कोपऱ्याशी, जिथे डॉल्फिनची शेपटी आहे तिथे, थांबून त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "वसंतात वाळू काढायला कुठून सुरुवात करता वहिनी?"

"इथूनच," मी म्हटलं. "या कोपऱ्यापासून. नेहमी."

"दुसरं कुणी असतं मदतीला?"

"या कोपऱ्याला मी कुणाला हात लावू देत नाही. शेपटीचे खडे सैल आहेत."

त्याने मान डोलावली आणि त्या कोपऱ्यात वाळू अगदी हलक्या हाताने पसरली. मी घरी आल्यावर विचार करतेय, याला या चौकशा कशाला?

१२ नोव्हेंबर

काल मार्टिनचा सण. नवी वाइन उघडायला सगळे शेजारच्या तोंकाकडे जमले होते. तोंकाच्या तोंडाला कुलूप नाही, पण मनाने वाईट नाही. गावातल्या बेकरीवाल्या लुसियाचा विषय निघाला. साठी उलटल्यावर तिने गेल्या वसंतात दुसरं लग्न केलं.

"त्याने बाटली पुरली होती ना तिच्या कांद्याच्या वाफ्यात," तोंका म्हणाली. "जुनी रीत. दोघंही उतारवयाची असली की मागणी घालायला जाणार कोण? आईबाप कधीच वर गेलेले. मग पुरुषाने मार्टिनपासून नाताळापर्यंत केव्हातरी प्रोशेकची, गोड वाइनची, बाटली पुरायची, बाई वसंतात खणेल तिथे. तिने उघडून ओतली तर हो. तिने परत माती लोटली तर नाही. तो गुपचूप काढून नेतो आणि दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांना सुप्रभात म्हणतात. कुणाला कळत नाही, कुणाची शोभा होत नाही."

"कुणाला कळत नाही, तर तुला कसं कळलं?" मी विचारलं.

सगळे हसले. मी म्हटलं, "आमच्याकडे डोंगरापलीकडे मागणी घालायला दहा माणसं घोड्यांवर बसून, गोळ्या झाडत, ओरडत येतात. अख्ख्या दरीला ऐकू जातं. तुमची ही लपूनछपून पुरायची रीत चोरांची वाटते मला."

विस्को कोपऱ्यात अंजिरं सोलत होता. एक अंजीर हातातून निसटलं. म्हणाला, "चोरांची नाही वहिनी, भित्र्यांची आहे." आणि जरा वेळाने उठून गेला. त्याला काय झोंबलं कोण जाणे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.

२० नोव्हेंबर

आज मिठाची बरणी सरकवली तर विस्को महालात! फाटकाला कुलूप, चावी माझ्या गळ्यात. समुद्राच्या बाजूला बाहेरची भिंत पडून खिंडार झालंय तिथून घुसला. पाठीवर पोतं, चांगलं जड, वाकून चालत होता. भिंतीआड गेला आणि थोड्या वेळाने रिकामं पोतं झटकत परत.

लोक महालातून बाहेर नेतात. माझ्या सासऱ्यांच्या पिढीने तर संगमरवर भट्टीत भाजून चुना केला. पण आत नेणारा पहिल्यांदाच बघितला. बोटीवरची माणसं पलीकडच्या इटलीतून काय काय आणून लपवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या कुणी झडती घेतली तर माल सापडेल माझ्या राखणीत.

२४ नोव्हेंबर

परत पोतं. दोनदा.

२९ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावर रात्रभर खोकला. मला झोप नाही. त्याचे पाय जमिनीवर पडले की ओल्या चपलांसारखा आवाज येतो, म्हणजे मोजे धड नसणार. फ्रानेसाठी आणलेली करडी लोकर पेटीत पडून होती, तिचे मोजे विणून जिन्यावर ठेवले. यात दुसरं काही नाही. खोकणाऱ्या माणसाखाली झोप येत नाही, एवढंच.

सकाळी खाली आला, मोजे हातात. "वहिनी, हे माझ्यासाठी?"

"नाही, मांजरासाठी."

"मांजराला चार पाय असतात," म्हणाला आणि हसला. दात अजून सगळे आहेत.

६ डिसेंबर

निकोलाचा सण. विस्कोने ब्रुदेत केलं, माशांचं कालवण. मला चमचा लावू दिला नाही. "ब्रुदेत ढवळायचं नसतं, भांडं हलवायचं. मासे तुटतात." मी इतकी वर्षं ढवळत आले, फ्राने एका शब्दाने बोलला नव्हता. विस्को म्हणाला, "फ्रानेला तुटलेले मासे चालत असतील. तुमच्या हातचे होते ना." असं गोड बोलणाऱ्या माणसापासून सावध राहावं. जेवण मात्र चांगलं झालं होतं. मी दोनदा घेतलं.

भांडी घासताना लक्षात आलं, माझ्या लग्नातल्या सहा पेल्यांपैकी चारच आहेत. आईने डोंगरापलीकडून गवतात गुंडाळून पाठवले होते. इतक्या वर्षांत एकाला तडा नाही. काल सहा होते.

"भावजी, माझे पेले बघितलेत?"

तो चुलीकडे तोंड करून उभा होता. कान लाल झालेले मला पाठीमागूनही दिसले. "सापडतील वहिनी," म्हणाला. "कुठे जाणार?"

सापडतील म्हणे! याला कसं माहीत?

१३ डिसेंबर

आज माझ्या डोळ्यांनी बघितलं. दुपारी गाव झोपलेलं. मी बरणी सरकवली. विस्को त्याच कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला होता, शेपटीच्या कोपऱ्यात, आणि हातांनी वाळू उपसत होता. फावडं नाही, हातांनी, म्हणजे आवाज होऊ नये. शेजारी गाठोडं. बराच वेळ पाठमोरा होता. मग वाळू सारखी केली, वरून टोपीने झाडली, आणि उठताना क्रुसाची खूण केली. देवाला कशाला मध्ये घेतो हा?

सैल खडे आहेत हे मीच त्याला सांगितलं. माझीच जीभ झडो. दर वेळी मूठभर खडे काढून नेले तर ईस्टरपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. तोवर हा बोटीवर.

२५ डिसेंबर

नाताळ. चर्चला दोघं बरोबरच गेलो, घर एक आहे म्हणून. त्याने वाटेत मला हात दिला, दगड निसरडे होते. पाय बघितले, बुटांत मोजे नाहीत. मी विणलेले मोजे कुठे गेले विचारलं. म्हणाला, "जपून ठेवलेत."

मोजे जपून ठेवायचे आणि उघड्या पायांनी खोकत फिरायचं. विकले असणार.

तोंका बाजूने जाताना डोळा मारून गेली. तिला काय झालंय? हिचा आणि याचा काही कट आहे का, हेही बघायला हवं.

९ जानेवारी

चार दिवस जुगो. दक्षिणेचा ओला वारा, भिंतींना घाम, पावाला बुरशी, माणसांची डोकी जड. समुद्र महालाच्या भिंतीवर आपटतोय. विस्को सकाळपासून गायब. बरणी सरकवली, तर लाटा उसळतायत आणि हा खिंडाराशी भिजत काहीतरी ओढतोय. इतक्या वाऱ्यात कोण जातं तिथे? ज्याला माल हलवायचाय तो.

मला सोसेना. पोस्टात जाऊन शहरात संग्रहालयाला फोन केला. तिथल्या कोर्दिच साहेबांना सांगितलं, फरशीचे खडे चोरीला जातायत, चोर कोण ते माहीत आहे, मिलिशियाचा पोलीस घेऊन या.

पोस्टात तोंका उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "येला, जुगोत कुणी तक्रार करतं का गं? जुन्या काळी न्यायाधीशसुद्धा जुगोत निकाल देत नव्हते. दोन दिवस थांब, वारा फिरू दे."

"चोर थांबतो का वारा फिरायची?"

"साप साप म्हणून भुई धोपटतेयस तू."

"मग काय आहे तिथे? तुला माहीत असेल तर सांग."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तोंकाने तोंड मिटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाली, "ते सांगायचं नसतं." बघा! माझा कटाचा संशय खरा निघाला.

११ जानेवारी

बोटं गारठलीत, अक्षर बिघडलं तर बिघडलं.

वारा फिरला. काल रात्रीपासून बोरा, उत्तरेचा कोरडा, सुरीसारखा. आकाश स्वच्छ, पाणवठ्यावर बर्फाची साय. कोर्दिच साहेब सकाळच्या बोटीने आले, बरोबर मिलिशियाचा बेपो. बेपो आमच्याच गावचा. बातमी त्यांच्याआधी पोचली होती, अर्धं गाव फाटकाशी जमलं. मी चावी लावली. विस्कोला बेपोने बोलावून आणलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, टोपी हातात.

कोर्दिच साहेब आधी खिंडाराशीच थबकले. "हे कोणी बांधलं?" बघते तर खिंडार बुजलेलं. दगडावर दगड, चुना नाही, आपल्या शेताच्या बांधासारखं, पण घट्ट. साहेबांनी हलवून बघितलं. "हे नसतं तर या जुगोत पाणी फरशीपर्यंत आलं असतं. मी दोन वर्षं वरती लिहितोय, कुणी दाद देत नाही. कोणी केलं?"

"मी," विस्को म्हणाला. "वाडीतले दगड होते."

म्हणजे पोत्यांत दगड. बरं, असतील. मग मला विचारलं का नाही? चांगलं काम माणूस लपून कशाला करतो?

मी म्हटलं, "भिंतीचं सोडा साहेब, कोपरा बघा."

"उघडायलाच हवं का?" साहेब म्हणाले. "या थंडीत?"

"हवं."

तेव्हा विस्को पहिल्यांदा माझ्याशी बोलला, अगदी हळू. "वहिनी, ईस्टरपर्यंत थांबलात तर नाही का चालणार?"

"का? तोवर पळायला वेळ मिळेल म्हणून?"

मागे तोंका म्हणाली, "देवा, हिला कुणीतरी आवरा." कुणी आवरलं नाही.

मीच फावडं घातलं. मग हातांनी. कपडा लागला. ओढला, तर माझा करडा मोजा. मोज्यात माझा पेला. दुसरा मोजा, दुसरा पेला. मी ते वर धरले आणि सगळ्यांना दाखवले. "बघा! माझे पेले! माझ्या आईचे! म्हटलं नव्हतं चोर आहे?" आणि त्याखाली एक बाटली, तोंडाला लाल लाख लावलेली. प्रोशेक.

मला वाटलं होतं लोक ओरडतील. बायकांनी माना खाली घातल्या. बेपोने टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी. बेकरीवाली लुसिया तोंडाला रुमाल लावून रडायलाच लागली. तिचं काय गेलं होतं?

"चोरी नाही ही," बेपो म्हणाला. "मी काही लिहून घेणार नाही. चला रे सगळे घरी, चला." आणि गाव मुकाट्याने निघून गेलं. माझ्याकडे एकानेही बघितलं नाही.

साहेबांनी फरशी तपासली. एक खडा हललेला नव्हता. "सगळं जागेवर आहे, येलाबाई. आता लगेच झाका, थंडी वाढतेय." ते परतीच्या बोटीसाठी पळाले, बोरा वाढला की बोट अडकते.

मी एकटी राहिले. वाऱ्याने वाळू डोळ्यांत. फावडं हातात ठरेना. तेवढ्यात दुसरं फावडं वाजलं. विस्को. मी ढकलत होते, तो पसरत होता. शेवटी तोच कोपरा उरला. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. "झाकायचं, वहिनी?"

"मग काय उघडं ठेवू?"

त्याने मान डोलावली आणि वाळू लोटली. मातीला आलेला माणूस लोटतो तशी. चेहरा बघवत नव्हता. चोराला पकडल्यावर वाईट वाटणारच, पण मलाही का भरून आलं कळत नाही. वाऱ्याने असेल.

पेले धुऊन कपाटात ठेवले. बाटली फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. मोजे वाळत घातलेत.

१२ जानेवारी

विस्को वरच्या मजल्यावर नाही. धक्क्यावर बोटी ठेवायच्या छपरात झोपला म्हणे. तिथे दारसुद्धा नाही.

बेकरीत गेले. लुसियाने पाव दिला आणि आत निघून गेली.

कोपऱ्यात जाऊन बघितलं. वाळूखाली हात घातला तर वेलबुट्टीचा तळहाताएवढा तुकडा फुगून सुटलाय. कालच्या थंडीने. ज्या कोपऱ्याला मी कुणाला हात लावू देत नव्हते तो माझ्याच हाताने गेला. ते साहेबांना मी स्वतः सांगणार आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. पेले चोरायचे तर दोनच का? आणि मालकिणीच्याच वाळूत कोण पुरतं?

१४ जानेवारी

तोंका आली. बसली नाही, उभ्यानेच विचारलं, "बाटलीचं काय केलंस?"

"आहे फळीवर."

"उघडली नाहीस?"

"कशाला उघडू? दुसऱ्याची आहे."

"आणि परत पुरलीही नाहीस."

"तोंका, वेड लागलंय का तुला? बाटली कशाला पुरू?" एवढं बोलले आणि बोलता बोलताच आठवलं. लुसिया. कांद्याचा वाफा. मी स्टुलावर बसले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. मार्टिनच्या सणाला, माझ्याच घरात, तुझ्या तोंडावर. तू म्हणालीस चोरांची रीत." तोंका आता रडत होती आणि भांडतही होती. "अगं, ती रीतच यासाठी आहे की कुणाची शोभा होऊ नये! आणि तू मिलिशिया बोलावलीस! साहेब शहरातून आणलेस! त्याच्या मनातलं गावासमोर खणून काढलंस आणि ओरडलीस, चोर म्हणून. आणि मग त्याच्याच हातून वाळू लोटून घेतलीस. यापेक्षा मोठा नकार या गावाने बघितलेला नाही."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, अख्ख्या गावाला माहीत आहे की तुला माहीत नव्हतं. एकट्या त्याला माहीत नाही. तो म्हणतो, वहिनींनी नाही म्हटलं, त्यांचा हक्क आहे, मी उद्याच्या बोटीने रिएकाला जातो पुतण्याकडे.

ती गेल्यावर मी मोजे हातात घेऊन बसले. काचेला गार लागू नये म्हणून पेल्यांना मोजे घातले आणि स्वतः डिसेंबर उघड्या पायांनी काढला या माणसाने. मी आयुष्यभर सगळ्यांची झडती घेत आले. या येड्याने माझ्याकडून काही नेलं नाही, उलट आणून ठेवलं, दगडसुद्धा. मला हा माणूस जायला नकोय. हे लिहायला एवढा उशीर लागला, पण खरं तेच आहे.

बाटली परत पुरता येत नाही, तो नकार. घरात गुपचूप उघडली तर त्याला कळणार कसं? आणि चारचौघांत बिघडलेलं चारचौघांतच नीट करावं लागतं.

१५ जानेवारी

सकाळी करडे मोजे, दोन पेले आणि बाटली टोपलीत घालून धक्क्यावर गेले. बोरा असा की माणूस आडवा व्हावा. छपराच्या आडोशाला नेहमीची मंडळी उभी होती, तोंका होती, बेपोही. विस्को पार टोकाला त्याच्या ट्रंकेवर बसलेला, कॉलर वर, समुद्राकडे तोंड.

आमच्याकडे मागणी ओरडून घालतात. मी ओरडले.

"विस्को!"

भावजी म्हटलं नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो उठून उभा राहिला. "बोला वहिनी."

"वहिनी नाही. येला."

छपराखालची मंडळी पुढे सरकली. मी गळ्यातली चावी काढली आणि तिच्या टोकाने बाटलीची लाख फोडायला लागले. हात गारठलेले, लाख निघेना. तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला. "अहो, वाळू घातली होती तुम्ही."

"वाळू फरशीवर घातली. बाटलीवर नाही. बाटली माझ्या मिठाच्या बरणीशेजारी होती. विचार तोंकाला. झाकली कधी मी?"

"सगळ्यांसमोर?" तो हळूच म्हणाला.

"काढली सगळ्यांसमोर, उघडणार पण सगळ्यांसमोर. चोर म्हटलं तेही सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते चुकलं माझं. ऐकलंत का रे सगळ्यांनी? चुकलं! हा चोर नाही!"

बूच निघालं. ओतायला गेले तर अर्धा प्रोशेक वाऱ्याने बेपोच्या गणवेशावर नेला. विस्कोने दोन्ही हातांचा आडोसा केला, मग पेले भरले. तो प्यायला. डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणाला बोऱ्यामुळे. मीही तेच म्हणाले. छपराखाली लुसिया टाळ्या वाजवत होती आणि तोंका तर असा गळा काढून रडत होती की तिचंच लग्न ठरलंय.

"आता मोजे घाल आधी," मी म्हटलं. धक्क्यावरच बसून घातले त्याने.

ट्रंक दोघांनी दोन कड्यांना धरून घरी आणली. आता वर तो शिट्टी वाजवतोय आणि खाली ब्रुदेत चुलीवर आहे. मी भांडं फक्त हलवतेय, चमचा लावलेला नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. ट्रंक फार हलकी लागली. आणि आता तोंका सांगून गेली की बोऱ्यामुळे रविवारपर्यंत बोट नाही, हे कालच रेडिओवर दोनदा सांगितलं होतं. बोटीवर जन्म काढलेला माणूस ते ऐकल्याशिवाय राहील? मग हा सकाळपासून त्या गारठ्यात रिकाम्या ट्रंकेवर बसून कशाची वाट बघत होता? जेवण झालं की विचारणार आहे.